कोऱ्या ठरलेल्या रिळांची बखर

श्री शारदा प्रसन्न. राज्यातील समस्त बाळगोपाळांस, शाळेत जाणाऱ्यांस व न जाणाऱ्यांसही, उदंड आशीर्वाद उपरी विशेष. तुम्ही पुसले जे, राजधानीतील महायंत्र चालता चालता एकाएकी थांबते आणि खुद्द दिवाण आले तरी हलत नाही, हा हट्ट त्यास कोणी शिकविला. तर त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे, न वाढविता न घटविता सांगतो, स्वस्थ बसून ऐकावे. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी श्रीमंत हुजूर गादीवर होते, आणि हुजुरांचा बहुतेक काळ निद्रासुखात जात असे, आणि जागेपणी दिवाण बहिरराव सांगतील तेवढेच त्यांचे कानी पडे, म्हणून राज्य दिवाणच करीत होते म्हटले तरी चालेल. दिवाणांनी परमुलखातून एक महायंत्र आणविले होते. ते खोलीएवढे थोर, थंड हवेत बसणारे, हिशेबात वाघ, परंतु पोट लहान. हाती असेल तेवढेच त्यास स्मरे, आणि बाकी सर्व ते रिळांवर लिहून ठेवी. रीळ म्हणजे चकतीवर गुंडाळलेली तपकिरी फीत; तिलाच तेथील लोक टेप म्हणत. ऐशी हजारो रिळे कोठारातील फळ्यांवर उभी असत, आणि दिसावयास सारी एकसारखी, जैशी गणवेशातील मुले. कोणत्या रिळावर काय लिहिले, ते कोठवर राखावयाचे, आणि कोणते रीळ कोरे म्हणून पुन्हा लिहावयास मोकळे, इतके सारे माणसाच्या स्मरणात राहणे नाही. म्हणून यंत्राच्या आतच एक कारभारी नेमिला होता. तो हाडामांसाचा नव्हे, यंत्रास पढविलेला एक प्रोग्रामच तो, परंतु सारे त्यास कारभारीच म्हणत. यंत्राने रीळ मागावे, आणि कारभाऱ्याने कोऱ्या रिळाचा क्रमांक सांगावा, आणि यंत्राने लिहावे, आणि कारभाऱ्याने त्याची नोंद करावी, ऐसा क्रम होता.

आता मुलांनी येथे नीट ध्यान द्यावे. कारभारी मूर्च्छित पडला, म्हणजे तो प्रोग्राम मध्येच बंद पडला, तरी यंत्राचे हात थांबत नाहीत. ते लिहीत जाते, परंतु नोंद होत नाही. मग कारभारी सावध होतो, आणि त्याच्या लेखी ते रीळ कोरेच असते, आणि तो ते दुसऱ्या कामास देतो, आणि दुसरा मजकूर पहिल्याच्या अंगावर लिहिला जातो, आणि पहिला गेला तो कायमचा गेला. जैसे वर्गात मुलगा बसला आहे, परंतु हजेरीत त्याचे नाव घालावयाचे राहिले, तर गुरुजींच्या लेखी तो नाहीच, आणि त्याच्या पाटावर दुसरा आणून बसवितात. पाटावरचा मुलगा निदान ओरडतो. रिळास तोंड नाही.

या कोठारावर सिदोपंत कोठावळे नामे गृहस्थ होते. बहुत नेमस्त, बहुत शांत, हाताखालच्या लोकांस एकच गोष्ट दहा वेळा सांगावी लागली तरी अकराव्या वेळी आवाज न चढविणारे. त्यांनी आपले लोक एकाच धड्यावर तयार केले होते जे, डोळा फसतो, स्मरण फसते, म्हणून रिळास हात लावण्यापूर्वी कारभाऱ्यास पुसावे आणि तो सांगेल ते प्रमाण मानावे. कोठारातील जमादार दावजी नाईक थट्टेने म्हणे जे, पंत घरी जेवावयास बसले म्हणजे ताट वाढलेले की रिकामे हेदेखील कारभाऱ्यास पुसून घेतात. पंत हसत, आणि धडा पुन्हा सांगत. कारभारी मूर्च्छित पडला तर यंत्र आपण होऊन पडद्यावर प्रश्न करी, थांबू की चालू, आणि अशा वेळी उत्तर एकच, थांब, ही पंतांची रीत होती. परंतु ती रीत पंतांच्या जिभेवर होती, यंत्राच्या पोटात नव्हती. यंत्र बिचारे प्रत्येक वेळी पुसत असे.

पंतांची थोरली बहीण डोंगरमाथ्यावर कातळवाडीस राहात असे, तीस ते आक्का म्हणत. ती विधवा, कोळसा पाडून पोट भरणारी, आणि तिची एकुलती लेक चांगुणा. वाडीत शाळा होती आणि येसाजी मास्तर एकटेच तीत शिकवीत, परंतु त्या शाळेतून राज्याच्या मोठ्या परीक्षेत कोणी पार उतरले नव्हते, एकही नाही. चांगुणेचे म्हणणे जे, वाडीत बाळंतीण अडली म्हणजे झोळीत घालून डोंगर उतरवावी लागते आणि अर्ध्या वाटेत झोळी थंड होते, तर मी परिचारिकेच्या शाळेत जाईन. आणि त्या शाळेत जागा मिळावयास मोठ्या परीक्षेत पार उतरावे लागे. म्हणून ती बसली, आणि लिहून आल्यावर मास्तरांस म्हणाली जे, सगळे प्रश्न सोडवून मागे वेळ उरला. मास्तरांनी ही गोष्ट वाडीत घरोघर जाऊन सांगितली.

वैशाखात गुण यंत्रात भरण्याचे काम लागले. त्या राज्याची चाल ऐशी जे, गुण यंत्रात गेले की उत्तरपत्रिका आणि परीक्षकांची गुणपत्रके कारखान्यात देऊन त्यांचा लगदा करावा, आणि त्या लगद्याचे हत्ती बनवून हुजुरांच्या वर्षगाठीस मिरवावे. कागद वाया जात नाही म्हणून दिवाणांस या चालीचा मोठा अभिमान होता. यंत्रात गुण उतरत होते तेव्हा दावजी म्हणाला, "पंत, भाचीचे पाहा की. यंत्रास काय लाज?" पंत म्हणाले, "माझ्या भाचीचे पाहिले तर राज्यातल्या सगळ्या मामांस बोलावून दाखवावे लागेल." आणि त्यांनी पाहिले नाही.

वर्षगाठ परवावर आली, आणि सारे गुण यंत्राच्या पोटात गोळा जाहले, आणि आता ते रिळांवर लिहावयाचे तोच, भर दुपारी, कारभारी मूर्च्छित पडला. त्यास बसावयास जागा अपुरी जाहली होती. पंतांनी ती वाढवून मागितली होती, परंतु दरबारातून उत्तर आले होते जे, जो दिसत नाही त्यास जागा कशाला. पडद्यावर प्रश्न उमटला, थांबू की चालू. पंतांनी थांब म्हणून उत्तर दिले, आणि यंत्र थांबले, परंतु प्रश्न पडद्यावर तैसाच राहिला, आणि ही खबर दिवाणांस कळली, आणि दिवाण बहिरराव चारपाच मानकरी मागे घेऊन स्वतः कोठारात आले.

पंतांनी वरील सारे त्यांस समजावून सांगितले, हजेरीचा आणि पाटाचा दाखला देऊन सांगितले, आणि विनंती केली जे, कारभारी सावध करावयास दोन दिवस लागतील, तोवर थांबावे. दिवाणांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुसले, "यंत्र आपल्याला विचारते ना, थांबू की चालू?"

"होय सरकार."

"मग दोन्ही चालत असेल. चालणार नसते तर त्याने विचारले कशाला असते?"

पंतांनी पडद्याकडे पाहिले. मग दिवाण म्हणाले, "परवा नगारखान्यातून सांगावयाचे आहे, निकाल तयार म्हणून. मी नगारचीस काय सांगू, कारभारी झोपलाय? अहो पंत, या राज्यात झोपण्याचा मान एकट्या हुजुरांचा."

मानकरी खो खो हसले. आणि पंतही हसले. हसावयाचे त्यांच्या मनात नव्हते, परंतु सारे हसत असता एकट्याने गंभीर राहणे त्यांस अवघड गेले. आणि एकदा हसल्यावर नाही म्हणणे त्याहून अवघड. त्यांनी पुढे होऊन चालू म्हणून उत्तर दिले, आणि यंत्र कोऱ्या फळीवरील रिळांवर भराभर लिहू लागले, आणि नोंद एकही जाहली नाही.

पंत गाफील नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रिळाच्या पाठीस एक कडे बसवितात. कडे असेल तर त्या रिळावर लिहिता येते, आणि काढले तर यंत्र ते नुसते वाचू शकते, लिहू शकत नाही. पंतांनी लिहून निघालेल्या प्रत्येक रिळाचे कडे आपल्या हाताने काढले, आणि ती सारी एका फळीवर ठेविली, आणि फळीस लाल फडके बांधिले, आणि दावजीस सांगितले जे, लाल फडक्याच्या फळीस हात लावू नये, कारभारी सावध जाहला की यांची नोंद मी स्वतः घालीन. ते काम घटकाभराचे होते. कारभारी दोन दिवसांनी, वर्षगाठीच्याच सकाळी, सावध जाहला. आणि त्याच सकाळी दरबारातून माणूस आला जे, निकाल वेळेवर सिद्ध केल्याबद्दल हुजूर पंतांस शालपगडी देणार, सत्वर यावे. पंतांनी एकदा फळीकडे पाहिले, आणि एकदा त्या माणसाकडे, आणि मनात म्हणाले, आल्यावर घालू. मग ते गेले. पगडीचे माप घेण्यात वेळ गेला, आणि हुजूर जागे होण्यात वेळ गेला, आणि मग नगारा झडला, निकाल तयार, निकाल तयार, आणि लगद्याचे हत्ती रंग देऊन, झुली घालून समोरून निघाले. पगडी घातलेले पंत मानकऱ्यांच्या रांगेत उभे राहून ते पाहात होते. एका हत्तीच्या कानावर रंग पातळ लागला होता, आणि खाली बाळबोध अक्षर दिसत होते. पंतांनी मान वळविली.

त्याच दिवशी सजावटीचे लोक कोठारात शिरले, कारण हुजुरांची स्वारी तेथेही येईल ऐसे बोलले जात होते, आणि त्यांनी दारापासून भिंतीपर्यंत एकूण एक फळीस लाल फडकी बांधिली. ती झाली फार देखणी. मग दिवाणांकडून तातडीचे काम आले, आणि त्यास कोरी रिळे हवी होती. दावजी फळ्यांपुढे उभा राहिला, आणि पाहतो तो सारेच लाल. कोणती फळी पंतांची हे त्यास आठवेना, आणि आठवले तरी स्मरण फसते हे तो शिकलेला. म्हणून त्याने पंतांचा धडा जैसाच्या तैसा पाळला. कडे नसलेली रिळे दिसली, तेव्हा त्याने त्यांचे क्रमांक कारभाऱ्यास पुसले, आणि कारभारी म्हणाला, कोरी. मग दावजीने आपल्या हाताने कडी बसविली, आणि रिळे यंत्रास दिली. त्याच्या जागी कामचुकार माणूस असता तर गुण कदाचित वाचले असते.

सण सरला, आणि शाळांचे निकाल छापावयाचे म्हणून पंतांनी यंत्रास रिळे लाविली. कागद बाहेर येऊ लागला. त्यावर मुलांची नावे नव्हती. लिहिले होते जे, दिवाण बहिरराव बाल्यापासूनच तेजस्वी, आणि पुढे, पाळण्यात असतानाच त्यांची मुद्रा मुत्सद्द्याची दिसे. दिवाणांच्या चरित्राचा तो मजकूर, तातडीचा. पंतांनी दुसरे रीळ लाविले, त्यावर दिवाणांची विद्या. तिसऱ्यावर दिवाणांचे दौरे. दावजी शेजारी उभा राहून वाचीत होता, आणि वाचता वाचता त्याचे तोंड उतरले, आणि तो म्हणाला, "पंत, मी पुसले होते. तुम्हीच म्हणता ना, पुसावे. कोरी म्हणाला तो." पंत म्हणाले, "तुझे चुकले नाही, दावजी," आणि चौथे रीळ लाविले.

मग दिवाणखान्यात मसलत बसली. उत्तरपत्रिका हत्तींत गेल्या, गुणपत्रके हत्तींत गेली, गुण चरित्राखाली गेले. पंतांनी सारा अपराध आपल्याकडे घेतला आणि विनंती केली जे, मुलांस खरे सांगावे आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. दिवाण म्हणाले जे, नगारा वाजवून निकाल तयार म्हटले आहे, आता पुन्हा परीक्षा म्हणजे नगारा खोटा, आणि नगारा हुजुरांचा. तेथे दरबारचे गणिती बसले होते. ते म्हणाले, उपाय सोपा आहे. प्रत्येक शाळेतून गेली काही वर्षे किती मुले उतरली ते ठाऊकच आहे, तितकीच यंदा उतरली ऐसे धरावे, आणि नावे चिठ्ठ्या टाकून ठरवावी, म्हणजे एकूण आकडा खऱ्याच्या इतका जवळ येईल की कोणास फरक कळणार नाही. दिवाण म्हणाले, वाहवा. पंतांनी पुसले, "आणि ज्या शाळेतून आजवर कोणीच उतरले नाही?"

"तेथून यंदाही कोणी उतरले नाही," गणिती म्हणाले. "चिठ्ठ्यांचाही त्रास नाही."

"यंदा उतरले असेल तर?"

दिवाणांनी पंतांकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "कातळवाडीस तुमची भाची असते, नाही का पंत? मग मामांनी न्यायाचे न बोलावे हे बरे."

जन्मभर आपल्या माणसासाठी एक शब्द टाकला नाही, हेच त्यांचे भूषण होते, आणि दिवाणांनी तेच त्यांच्या तोंडात बोळ्यासारखे कोंबले. दुसऱ्या कोणा मुलीसाठी ते भांडले असते. भाची होती म्हणून गप्प राहिले.

निकाल गावोगाव गेले. राजधानीच्या शाळांत पेढे वाटले गेले, आणि न लिहिता घरी आलेली दोनचार मुलेही उतरली. ज्येष्ठात पंत कातळवाडीस गेले. चांगुणा अंगण सारवीत होती. आक्का उंबऱ्यावर होती, तिने भावास बसावयास घोंगडी टाकली आणि म्हणाली, "दरबारात पगडी मिळाली म्हणे तुला."

"मिळाली."

"बरी बसते ना?"

"घट्ट होते," पंत म्हणाले. मग ही गोष्ट कोणास सांगू नये ही दिवाणांची आज्ञा मोडून त्यांनी घडले ते सारे दोघींस सांगितले, कारभारी, आणि हसणे, आणि फडकी, आणि हत्ती, काही न लपविता. चांगुणेचे शेणाने भरलेले हात तैसेच राहिले. ऐकून जाहल्यावर तिने पुसले, "मग मी पास झाले होते का, मामा?"

"ठाऊक नाही, बाळ."

"तुमच्याच हाताखालून गेलं ना सगळं?"

"गेलं. मी पाहिलं नाही. पाहणं बरं नव्हे म्हणून."

चांगुणेने शेणाचा गोळा पुढे ओढला. मग म्हणाली, "पाहायचं होतंत. नापास असते तरी माझं मी नापास झाले असते." आणि खाली वाकून सारवू लागली. आक्का म्हणाली, आधी त्याला पाणी दे गं, चढण चढून आलाय. चांगुणेने हात धुतले, आणि पाणी आणून दिले, आणि पुन्हा सारवावयास बसली.

पुढील वर्षी पुन्हा बसावे ऐसा तिचा विचार होता. परंतु श्रावणात हुकूम निघाला जे, ज्या शाळेचा निकाल वर्षानुवर्षे शून्य, ती शाळा मोडावी. येसाजी मास्तरांची बदली राजधानीस कागद लावण्याच्या कामावर जाहली. आणि परीक्षेस बसावयाचे तर अर्ज शाळेमार्फतच यावा ऐसा नियम, आणि वाडीस शाळा नाही, आणि डोंगरापलीकडील शाळेने परक्या वाडीची मुलगी नको म्हणून दार लावले, कारण तीही आपला निकाल सांभाळीत होती. चांगुणा आईबरोबर कोळसा पाडावयास जाऊ लागली.

सिदोपंतांनी त्यानंतर दरबाराकडे एकच गोष्ट मागितली. ते म्हणाले जे, यंत्राचा तो प्रश्न काढून टाकावा. कारभारी मूर्च्छित पडला तर यंत्राने कोणास न पुसता थांबावे, आणि तो सावध होऊन नोंद करू लागेपर्यंत एकाही रिळावर एक अक्षर लिहू नये, आणि हे कुलूप उघडावयाची किल्ली माझ्याही हाती नसावी, दिवाणांच्याही नसावी. ज्यास पुसले जाते त्यावर एक दिवस कोणी ना कोणी हसते, आणि मग तो चुकीचे उत्तर देतो. यास खर्च नव्हता, म्हणून दिवाणांनी मान्य केले, आणि पंतांनी आपल्या देखरेखीखाली तैसे करविले, आणि दिवाणांची सुधारणा म्हणून त्याची दवंडी फिरली. दावजीस पंतांनी नवा धडा दिला जे, कारभाऱ्यास पुसावे, परंतु तो मूर्च्छित असता काय काय घडले हे तो सांगू शकत नाही, हेही ध्यानी असावे.

पुढील वैशाखात, गुण लिहीत असता, कारभारी पुन्हा पडला. यंत्र तत्क्षणी थांबले. दिवाण आले, आणि यंत्रापुढे उभे राहिले, आणि पडद्यावर काही प्रश्न नव्हता, म्हणून उत्तर देता येईना. त्यांनी हात आपटला, पंतांस अपशब्द बोलले, वर्षगाठ निकालावाचून गेली, नगारची नुसताच बसून राहिला. मग कारभारी सावध जाहला, आणि सारे गुण नोंदीसह लिहिले गेले, आणि एक मूल इकडचे तिकडे जाहले नाही. ज्याचे त्यास मिळाले. पंतांनी ती सारी यादी, पहिल्या शाळेपासून शेवटच्या शाळेपर्यंत, या खेपेस स्वतः वाचून काढिली. तीत कातळवाडी नव्हती. आणि ती चूक नव्हती.

येणेप्रमाणे घडले. यंत्र मध्येच थांबते ते यासाठी, आणि थांबले म्हणजे कोणी त्यास नावे ठेवू नयेत, कारण थांबलेले काम मागाहून होते. कातळवाडीची शाळा अद्याप बंद आहे. इतुके कळावे, आणि पाढे म्हणावयास बसावे.